पाटी तशी गाडी

“पाटी लोहाऱ्याची अन् गाडी नळदुर्गला? न्हाय चालायचं!” असं म्हणत ताई कीबोर्डावर अशी बोटं आपटायच्या, की माझ्या टेबलावरचा चहा हिंदकळायचा.

धाराशिवच्या बसस्टँडसमोर आमचं जाहिरातींचं ऑफिस. मोबाइलवर काही शोधलं की सगळ्यात वर जाहिरात येते ना, ती आम्ही करतो. कुणी ती दाबली की जाहिरातवाल्याचे पैसे कापले जातात. तिच्यातल्या वेबसाइटच्या पत्त्यापुढं दोन छोटे शब्द आपल्या मनचे टाकता येतात. तुम्ही-आम्ही तेच वाचून दाबतो. ते शब्द लिहायचं काम ताईंचं. त्यांचे वडील एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळं पाटीचं वेड घरातलंच.

शब्द लिहिले की ताई मोबाइल घेऊन थेट स्टँडवर. बाकावरच्या कुणालाही वाचायला लावायच्या. “हे दाबलं तर काय घावंल, सांगा बरं?” उत्तर चुकलं की लिहिलेलं पुसून टाकायच्या. आम्ही लई हसायचो.

एकदा एक लॉजवाले शेठ आले. लॉज तुळजापूरच्या पार बाहेर, नळदुर्ग रस्त्यावर. पत्त्यात मात्र ‘तुळजापूर/मंदिरासमोर’ हवं! आमचे साहेब म्हणाले, “लिहा हो ताई, कोण मोजायला जातंय?”

ताई निघाल्या स्टँडवर, मीही मागं. तुळजापूरच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका आजोबांनी पत्ता वाचला आणि शेजारी गुडघे चोळत बसलेल्या आजींना म्हणाले, “बरं झालं, समोरच हाय. तुला चालाय लागायचं न्हाय.”

ताई ऑफिसात परतल्या त्या तणतणतच. ‘मंदिरासमोर’ पुसलं, ‘नळदुर्ग-रोड/पार्किंग’ टाकलं. “शेठ, गाडीवाले येतील, अन् खुशीनं येतील.”

शेठ भडकले. साहेब म्हणाले, “ते म्हणतात तसं लिहा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

“उद्या कशाला? आजच जाते की!” ताईंनी डबा उचलला, चपला घातल्या. दारातून वळून म्हणाल्या, “त्या म्हातारीला पायपीट करायला लावणारं माझ्या हातून लिहून व्हायचं न्हाय!”

काय तो तोरा! आता स्टँडवर कुणी जात नाही, आणि माझा चहाही हिंदकळत नाही.

परवा मोबाइलवर एक जाहिरात दिसली. लोहाऱ्यात ताईंनी स्वतःचं ऑफिस थाटलंय. पत्त्यापुढं दोनच शब्द: ‘लोहारा/मोडका-जिना’.

दाबली नाही. ताईंचे पैसे कशाला कापायचे? सरळ जीप धरली आणि लोहारा गाठलं.

जिना खरंच मोडका होता.