वाफेचा रकाना

रंगाच्या कारखान्यातल्या लॅबवाल्यांना सगळे दशांशमामा म्हणत. चहात साखर किती विचारलं, तर दीड चमचा नाही, "एक पूर्णांक पाच दशांश" म्हणणार हा गृहस्थ!

बेंझिन आणि टोल्युइनचं मिश्रण ड्रमांनी यायचं. मामा त्याच्या वाफेचा दाब मोजायचे. ठरलेल्या तापमानाला नुसत्या बेंझिनचा पंचाहत्तर, नुसत्या टोल्युइनचा बावीस, मिश्रणाचा सव्वापस्तीस. बावीसच्या वर सव्वातेरा, त्याला दोघांमधल्या फरकाने, त्रेपन्नने भागा. आला पाव! द्रवात पाव हिस्सा बेंझिन. फॉर्मवर तेवढाच रकाना होता. तो भरला, सही ठोकली, झालं काम.

ते ड्रम उघडायचे भावोजी, मामांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकदा लॅबच्या दारात येऊन त्यांनी विचारलं, "ड्रममधलं राहू द्या हो. माझ्या नाकात किती जातं? मास्कसाठी अर्ज करू का?"

"अहो, तेवढंच, पाव! उगाच कशाला साहेबांच्या डोळ्यावर येता?" मामा हसले.

शिकलेल्या मेहुण्यावर भावोजींनी डोळे मिटून विश्वास ठेवला. अर्ज राहिला तो राहिलाच. बारा वर्षांनी रक्ताच्या आजाराने ते अंथरुणाला खिळले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कामावर कशाची वाफ नाकात जायची? बेंझिनची?" मामांनी तिथल्या बाकावर बसून राहिलेलं गणित केलं आणि कागद चुरगळून खिशात कोंबला. भावोजी गेले. मामांनी ताईला काही सांगितलं नाही. रोज ठरवायचे, रोज कच खायचे.

परवा भाची पुस्तक घेऊन आली. त्यात बेंझिन-टोल्युइनचंच गणित, आकडेही तेच. "मामा, द्रवातलं प्रमाण आलं. आता वाफेतलं विचारलंय."

पळवाट नव्हती. "पंचाहत्तरचा पाव काढ. सव्वापस्तीसने भाग."

तिने भागलं. "अगंबाई! द्रवात पाव आणि वाफेत निम्म्याहून जास्त?"

"जे लवकर उडतं, तेच हवेत जास्त." मामा म्हणाले. "कॉलेजात हे घोकून मी पहिला आलो होतो गं. तुझ्या बाबांनी मला नेमकं हेच विचारलं होतं. मी पाव म्हणालो. मास्क नको म्हणालो."

भाचीने पेन्सिल खाली ठेवली. ताई मागे चहा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"त्यांनी तर आपणहून विचारलं होतं रे," ती म्हणाली आणि कप तसाच घेऊन आत गेली.