धनसिंगकाका आणि माझ्या रक्ताची चौकशी

धनसिंगकाका गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या दंडाला पट्टा बांधलेला होता. बंगळुरूच्या आमच्या धावपटूंच्या शिबिरात सकाळीच रक्त तपासायला माणसं आली होती. शेजारच्या पोरानं फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून काकू एवढंच म्हणाल्या, "गेले रे तुहे काका…" मी डॉक्टर मॅडमना विचारलं, "मॅडम, रडलं तर रक्तात काही दिसते का?" आठवीत शाळा सोडलेला मी, मला सगळ्याचीच धास्ती. मॅडम मूळच्या नागपूरच्या. त्यांनी सुई बाजूला ठेवली नि म्हणाल्या, "रड तू आधी."

काका घाटंजीकडच्या आमच्याच तांड्यावरचे. कापूस-तूर करायचे आणि उजाडताना आम्हा पोरांना पांदणीच्या वाटेनं पळवायचे. शाळा सुटल्यावर बापानं माझ्या हाती बकऱ्या दिल्या होत्या. काकांनी त्या बापाला परत नेऊन दिल्या. म्हणाले, "हे पोरगं बकऱ्यांच्याई पुढं पयते, हे काय राखन त्यायले?" त्या एका वाक्यावर मी आज इथं आहे; पायात बूट आहेत, ताटात अंडी आहेत.

तांड्यातली कोणी बाळंतीण दवाखान्यात अडली की काका पळणाऱ्या पोरांनाच रक्त द्यायला न्यायचे. "तुमचं रक्त जागं रायते," म्हणायचे. वर एक दंडक होता… दिलेलं दान तोंडानं सांगायचं नाही, पुण्य जातं.

एकदा सुट्टीत गावी गेलतो, तेव्हा असंच रक्त देऊन आलो. शिबिरात परतलो आणि तपासणी झाली. या तपासणीत औषध शोधत नाहीत. आपलं आजचं रक्त आपल्याच जुन्या रक्ताशी ताडून बघतात. माझं हिमोग्लोबिन उतरलेलं आणि कोवळ्या, नव्या पेशींची मात्र गर्दी. काही खेळाडू स्वतःचंच रक्त काढून साठवतात नि शर्यतीआधी परत चढवतात, त्यांचं असंच दिसतं म्हणे. मॅडमनी विचारलं, "रक्त कुठे दिलंस का?" पुण्य जाईल म्हणून मी गप्प. त्या म्हणाल्या, "बंदी येईल," तरी गप्प. खोलीवर येऊन मात्र काकांना फोन लावला आणि हुंदके देऊन रडलो.

काका गाडी बदलत बदलत बंगळुरूला आले. आल्या आल्या माझ्यावरच घसरले, "अबे, दान लोकायले सांगू नोको म्हनलं होतं. डाक्टरले सांगू नोको म्हनलं होतं काय?" मग मॅडमसमोर बसून तांड्यावर व्हिडिओ कॉल लावला. माझं रक्त जिला चढलं ती तांड्यातली सून समोर आली आणि तिनं बाळ उचलून धरलं.

"हे पाहा बाई, तुमचं हरवलेलं रक्त. लंगोट ओला करून राह्यलं."

"काका, बाळ पुरावा म्हणून नाही चालत."

"काहून? म्हनसान तं रडून दाखवते!"

मॅडम तोंडावर कागद धरून हसल्या. शेवटी रक्तपेढीकडून नोंद मागवली, ती जुळली आणि माझं धावणं वाचलं. काकांचा मात्र अखेरपर्यंत ठाम समज होता, की मला बाळानंच सोडवलं.

तेरवीला निघण्याआधी मी मॅडमकडे गेलो. "मॅडम, हंगाम संपलाय. काकूंनी अंगणात रक्तदान ठेवलंय. मी देणार आहे, आधीच सांगून ठेवतो."

"आणि पुण्य?"

"थोडं जाईल. काका समजून घेतील."

अंगणात काकांचीच बाज टाकली होती. काका अंगानं भक्कम. बाजेला मधोमध त्यांचा खळगा पडलेला. मी त्यात एका कुशीवर घरंगळत होतो. रक्त घेणारा वैतागला, "सरळ झोपा ना, भाऊ." कसा झोपणार? जागा काकांची होती…

परवा इथं शिबिरात पुन्हा तपासणी झाली. हिमोग्लोबिन उतरलेलं, कोवळ्या पेशींची गर्दी. मॅडमनी आकडे पाहिले, माझ्याकडे पाहिलं.

"काका ना?"

मी मान डोलावली.