टूरला न गेलेले लीडर

आमच्या लीडरनी चार वेळा न्यू जर्सीतल्या पार्सिपनीची मराठी मंडळी बेल्जियमला पाठवली आणि स्वतः एकदाही न्यूअर्क विमानतळाच्या पुढे पाऊल टाकलं नाही. हसू नका. पहिल्यांदा मीही हसले होते, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

ते माझ्या नवऱ्याचे, सतीशचे, नागपूरच्या कॉलेजातले मित्र. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी; बाकी सगळी जनता लीडर म्हणायची. एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. ऑफिसात कुणीतरी टाकून दिलेलं कॅलेंडर त्यांनी एकदा उचलून आणलं. त्यात गेंट शहरातल्या कॅथीड्रलमधलं एक भलंमोठं चित्र होतं. लाकडी फळ्यांवर रंगवलेलं, दारांसारखं उघडमीट होणारं, मधोमध हिरव्या कुरणात चौथऱ्यावर उभं असलेलं कोकरू. झालं, माणूस येडा झाला! वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आली, भिंगं आली, नकाशे आले. "वहिनी, मला काही नको," म्हणायचे, "याच्यासमोर एकदा उभं राहायचंय. बास."

"दहा दिवसांत आठ देश" असल्या टुरांचा त्यांना मनस्वी राग. "ती टूर नाही, ती हजेरी झाली." त्यांची टूर सात दिवसांची आणि शहरं मोजून सहा : ब्रसेल्स, लूव्हेन, मेखेलेन, अँटवर्प, गेंट, ब्रुज. त्याआधी सात शनिवार त्यांच्या बेसमेंटमध्ये आमची तयारी. स्मिता, म्हणजे त्यांची बायको, तर्री-पोहे करायची आणि लीडर भिंतीवर एकेक चित्र लावून आम्हाला छळायचे. "तो गुडघ्यावर बसलेला म्हातारा पाद्री बघा. त्याच्या हातातला चष्मा बघा. भिंगाखालची अक्षरं वाकडी झालीत. दिसली? नसतील दिसली तर पोहे नाहीत." पन्नाशीला टेकलेली, शुगर-बीपीची माणसं आम्ही, पण मुकाट्याने डोळे ताणून बघायचो. वरच्या मजल्यावर कंटाळलेली आमची पोरं ओरडायची, "आर यू गाइज डन?" तर लीडर खालून ओरडायचे, "नो! वुई आर स्टिल इन ब्रुज!"

पहिल्या वर्षी त्यांचंही तिकीट होतं. बॅग भरून दाराशी ठेवलेली. निघायच्या चार दिवस आधी वकिलाचा ईमेल आला की देशाबाहेर जाऊ नका. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कामाच्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाच्या पासपोर्टवरचा शिक्का संपला तरी तो अमेरिकेत राहू शकतो, नोकरी करू शकतो. पण एकदा बाहेर पडला की नवा शिक्का मिळाल्याशिवाय परत येता येत नाही. तो कधी आठवड्यात मिळतो, कधी आठ महिने लागतात, कधी मिळतच नाही. लीडर ग्रीन कार्डच्या रांगेत तेव्हाच नऊ वर्षं उभे होते. नोकरी, घर, सगळा संसार त्या शिक्क्याला टांगलेला. त्यांनी तिकीट कॅन्सल केलं, भरलेली बॅग आत नेली आणि आम्हाला सोडायला एअरपोर्टवर आले. "या खेपेला तुम्ही जाऊन या. पुढच्या खेपेला मी आहेच," म्हणाले. नंतरच्या तीन खेपांनाही तेच म्हणाले.

बरं, मग त्या आठवड्यात माणसाने गुपचूप ऑफिसला जावं की नाही? छे! टूरचे सातही दिवस ते रजा काढून घरी बसायचे. आमच्या घड्याळाने उठायचे, म्हणजे आमचे सकाळचे अकरा तेव्हा त्यांचे पहाटेचे पाच. ब्रुजमध्ये आम्ही बायका एका पुलावर फोटो काढत होतो, तर फोन. "वहिनी, काय करून राहिल्या पुलावर? फोटो मागाहून काढा. ओलांडून डावीकडे वळा, म्युझियममध्ये गर्दी होईल." पुलावर आहोत हे त्यांना कसं कळलं, देव जाणे! तिथली गाइड, साठीची हसरी बाई, माझ्या फोनवर त्यांच्याशी दहा मिनिटं बोलली. फोन परत देताना तिने विचारलं, हे गृहस्थ इथे किती वर्षं राहत होते? मी म्हटलं, ते इथे कधी आलेलेच नाहीत. आणि मी, आम्ही सगळ्याच, खो खो हसलो.

तिसऱ्या टूरनंतरच्या हिवाळ्यात नागपूरला त्यांची आई आजारी पडली. सतीश त्यांच्या घरी जाऊन अक्षरशः भांडला. "अरे यार, जा ना तू! बाकीचं होईल ते होईल." लीडर उठून बॅग काढायचे, वकिलाला फोन करायचे, पुन्हा येऊन खुर्चीत बसायचे. असे चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी आई गेली. स्मिताने फोन टीव्हीला जोडला. आम्ही चार माणसांनी दिवाणखान्यात अंत्यसंस्कार पाहिले. आम्ही तिघं बसलेलो, लीडर टीव्हीसमोर उभे. सगळं आटोपल्यावर म्हणाले, "स्मिता, चहा टाक गं." मला त्या चहाचा असा संताप आला की मी कपाला हात न लावता घरी निघून आले. आता वाटतं, मी कोण लागून गेले? माझ्या पर्समध्ये अमेरिकन पासपोर्ट. मला काय जातंय बोलायला?

पुढच्या वर्षी चौथी टूर निघाली. त्यानंतर वर्षभरात कंपनीने त्यांचा अख्खा विभाग बंद केला. अशा माणसाला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी, नाहीतर देश सोडायचा. त्रेपन्न वर्षांच्या डेटाबेसवाल्याला कोण घेतंय? आम्ही ओळखीपाळखीच्या सगळ्यांना गाठलं, शिकागोच्या देशी बाजारातल्या, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका दुकानदारापर्यंत पोचलो. काही उपयोग झाला नाही. अठ्ठावन्नाव्या दिवशी आम्ही त्या दोघांना विमानतळावर सोडलं. स्मिता माझ्या गळ्यात पडून रडली. लीडर सामानाच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा आवळत राहिले.

तेवढ्या दुःखातही मला एक गोष्ट बरी वाटली होती. म्हटलं, आता कसला शिक्का आणि कसला वकील! पुढच्या वसंतात मीच पाचवी टूर ठरवली आणि फोनवर त्यांना दटावलं, नागपूरहून व्हिसा काढा आणि थेट ब्रसेल्सला या. स्मितानेही तगादा लावला. ती स्वतः आली नाही, म्हणाली, हे त्यांचं एकट्याचं आहे. आणि ते आले हो! ब्रसेल्सच्या विमानतळावर त्यांना बाहेर येताना पाहून मी पोरीसारखी रडले.

पण चार दिवस ते आमच्या मागून नुसते चालत राहिले. काही दाखवेनात, कुणाला रागावेनात. कुणी काही विचारलं तर "हो, छान आहे" म्हणायचे. मला वाटलं, प्रवासाने दमले असतील. पाचव्या दिवशी आम्ही गेंटला पोचलो. मंडळी रांगेने कॅथीड्रलमध्ये शिरली आणि हे समोरच्या चौकातल्या बाकावर बसले.

"तुम्ही बघून या, वहिनी."

"भाऊजी, डोकं फिरलंय का तुमचं? उठा आधी!"

ते उठले नाहीत. मी दंडाला धरून ओढलं, तरी नाहीत. मग खाली बघत म्हणाले, "नागपूरहून निघालो तर कोणी अडवलं नाही. टॅक्सीत बसलो, विमानात बसलो, आलो. एवढंच होतं."

"मग?"

"तेव्हाही एवढंच होतं, वहिनी. आईकडे जायला मला कोणीच अडवलं नसतं. फक्त परत येता आलं नसतं. आणि ज्या घरात परत यायचं होतं, ते तर तसंही गेलंच."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"आईसाठी नाही निघालो," ते म्हणाले, "आणि चित्रासाठी निघून आलो. आता आत जाऊन कोणत्या तोंडानं बघू ते?"

त्यांना ओढून आत न्यायला हवं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मीही आत गेले नाही. मंडळी बाहेर येईपर्यंत तासभर आम्ही तिथेच बसलो होतो. मग लीडर सगळ्यांच्या आधी उठले आणि बसच्या दिशेने चालू लागले. कॅथीड्रलचं दार त्या बाकापासून फार तर वीस पावलांवर होतं.