जबल दुखानचा मुख्तार

मुख्तार सोलकरचा बाप राजापूरजवळच्या खाणीत जांभ्याचे चिरे काढायचा, आणि मुख्तारही तेच शिकला. बहरीनला निघताना एजंटने सांगितलं होतं की काम डोंगरावर आहे, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर सह्याद्रीच आला होता. प्रत्यक्षात जबल दुखान, म्हणजे धुराचा डोंगर, आपल्याकडच्या टेकाडाएवढाच निघाला. दमट दिवसांत त्याच्याभोवती पांढुरकं धुकं साचे आणि लांबून धूर निघाल्यासारखं वाटे. भोवती खोलगट वाळवंट, त्यापलीकडे चुनखडीच्या कड्यांचं कडं. पायथ्याशी १९३२ साली तेल लागलं होतं, पण तेलाशी मुख्तारचा संबंध आला नाही. तो कड्यातल्या दगडखाणीत ड्रिल चालवायचा. तिथला दगड फोडून, चुरून रस्त्यांखाली आणि समुद्रात भर घालायला जायचा.

"जांभा ओला असतो," तो म्हणे. "याचं नुसतं पीठ उडतं."

अशी पंधरा वर्षं गेली. १९९३च्या हिवाळ्यात त्याची बायको मसूदा व्हिजिट व्हिसावर आली आणि हमद टाउनमधल्या त्याच्या खोलीत पहिल्यांदा कुकरची शिट्टी वाजली. शिट्टी झाली तरी मुख्तार मान वर करत नाही, हे तिने दोन दिवसांत टिपलं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून तो तिला डोंगर दाखवायला घेऊन गेला. कच्च्या वाटेने तो पुढे, ती मागे. मागून एक पिकअप आली, हॉर्न वाजवत राहिली. मुख्तार वाटेच्या मधूनच चालत होता. मसूदाने धावत जाऊन त्याला बाहीला धरून बाजूला ओढलं. गाडी धुरळा उडवत निघून गेली.

"तुमाला ऐकू येत नाय," ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली.

तो दगडावर बसला. "ड्रिलच्या आवाजाने डावा कान गेलाय. उजव्याला थोडं येतं."

"म्हणजे फोनवरचं?"

"आवाज यायचा. शब्द सगळे नाय. म्हणून हो हो करायचो."

मसूदा सावकाश म्हणाली, "माजी आई गेली तेव्हा मी फोन केला होता. तुमी म्हणालात, बरं झालं."

मुख्तारचा चेहरा उतरला. "मला वाटलं, आई आली म्हणतेस. राहायला आली. गेल्याचं मला आठवड्याने आमच्या फोरमनकडून, गनीकडून कळलं. पण फोनवर मी असं बोललो, हे आत्ता कळतंय."

दोन वर्षं ती हे मनात ठेवून होती. पत्रात लिहायची ते खुशालीपुरतंच. आता ती त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि पदराने डोळे पुसले. ऊन कलेपर्यंत दोघं तिथेच बसली होती. ती आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होती, तो तिच्या ओठांकडे बघत ऐकत होता.

शनिवारी तो फोरमनकडे गेला. गनी श्रीवर्धनचा, जुना सोबती.

"आधी का नाय सांगितलंस?"

"मेडिकलमध्ये नापास केलं तर घरी पाठवतील, म्हणून."

"बहिरा होऊन गेला असतास ते चाललं असतं?" गनी म्हणाला. "ड्रिल आता खलास. स्टोअरला माणूस हवाच आहे, तिकडे बस. मी साहेबाशी बोलतो."

साहेबाने कुरकुर केली, पण नाही म्हटलं नाही. मुख्तार स्टोअरमध्ये हातमोजे आणि ड्रिलचे बिट देऊ लागला. मसूदाने हट्ट धरून त्याच्या उजव्या कानाला यंत्र बसवून घेतलं. पहिल्या दिवशी त्याला आपल्याच चपलांचा आवाज ऐकून हसू आलं.

व्हिसा संपल्यावर ती परतली. पुढे तिथला चांगला दगड संपत आला, १९९८मध्ये खाण बंद झाली आणि मुख्तारही गावी आला. चिरेखाणीवाल्यांनी बोलावलं, पण तो गेला नाही. घरामागच्या उतारावर त्याने सुपारी लावली. संध्याकाळी मसूदा पाणी सोडायची आणि तो झाडांभोवतीची आळी नीट करत बसायचा.