डोंगरावरच्या अडतीस झाडांचं वजन

तारीख सात नोव्हेंबर, वार गुरुवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. रक्कम सहा लाख पंच्याऐंशी हजार रुपये. हजर: एक फौजदार, चार पोलीस, तहसील कचेरीतल्या एक मॅडम, सरकारी नोकरीतले दोन पंच, व्हिडिओ काढणारा एक फोटोग्राफर, ज्याच्यावर छापा पडला तो सत्तरीचा म्हातारा, आणि काटा घेऊन आलेला मी.

ही रक्कम कुणाच्या खिशात नव्हती. गांजाच्या अडतीस झाडांची ती पंचनाम्यात धरलेली किंमत होती. सत्तावीस किलो चारशे ग्रॅम, गुणिले पंचवीस हजार. गुणाकार बरोबर होता. वजन चुकीचं होतं आणि ते माझ्या काट्यावर झालं होतं, म्हणून हे लिहितो आहे.

माझं भुसार मालाचं दुकान आहे. ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगा. अब्बांच्या वेळी लोखंडी तराजू होता, आता शंभर किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्यावर वैधमापन खात्याचा दर वर्षीचा शिक्का असतो. असा शिक्क्याचा काटा असला की पोलीस पत्र देऊन बोलावतात. जप्तीचा माल जागेवर तोलायचा, आकडा सांगायचा, पंचनाम्यावर सही करायची. मी त्याआधी दोनदा गेलो होतो, एकदा गुटख्याला आणि एकदा चंदनाला. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणाला शंका नको. मी गांजा ओढत नाही, विडीसुद्धा ओढत नाही. म्हातारा कायद्याने गुन्हेगार होता हे मला तेव्हाही मान्य होतं आणि आजही आहे. पण गुन्हा जेवढा असेल तेवढाच मोजावा. त्यात माती घालू नये.

डोंगर माण तालुक्याच्या कडेचा. पायथ्यापासून वर चढायला मला पन्नास मिनिटं लागली. काटा एका पोलिसाच्या खांद्यावर होता आणि तो वाटभर मला शिव्या देत होता, "शेठ, पुढच्या बारीला हलका काटा आणा की." वर पोचलो तर शेत कुठे दिसेना. करवंदी, तरवड, घायपात, मधेच एखादी हेकळी. जरा थांबून बघितल्यावर झाडं दिसली. जिथे दोन झुडपांच्या मधे आपोआप मोकळी जागा होती तिथेच एकेक लावलेलं. एकही फांदी तोडलेली नव्हती. कुठे रासायनिक खताची रिकामी पिशवी नाही, प्लास्टिकची नळी नाही. बुडाशी लेंडीखत आणि वाळलेलं गवत. सवयीने मी मोजलं. झाडं अडतीस, आळी एकोणचाळीस.

म्हातारा एका दगडावर बसून होता. कधीकाळी माधवनगरच्या गिरणीत मागावर होता. गिरणी बंद पडल्यावर बायकोच्या गावी, या डोंगराच्या पायथ्याला आला. बायको गेली. मुलगी मिरजेच्या एका दवाखान्यात आया आहे. हे सगळं त्याने पोलीस झाडं उपटत असताना मला सांगितलं, जणू आम्ही एसटीची वाट बघत बसलो होतो.

"एक आळं रिकामं का?" मी विचारलं.

"तितं टिटवीनं अंडी घातली व्हती पावसाच्या तोंडाला. मग म्हटलं ऱ्हाऊ दे तिचं तिला."

"आणि पाणी?"

"त्या कपारीत पाझर हाय. तासाला एक घागर भरतीय. रोजच्या दोन माज्या, बाकीचं डोंगराचं. सशाला, मोराला बी लागतंय की. लोभ केला की आटतोय त्यो."

"विकता?"

"थोडा. यात्रेला बैरागी येत्यात, त्यांना तसाच देतो. उरला तर मला. गिरणीचा कापूस हाय छातीत, त्याशिवाय झोप न्हाई येत."

तेवढ्यात एका पोलिसाने झाड ओढताना शेजारची करवंदी मुळासकट हलवली. म्हातारा उठला. "आवं, माजी झाडं न्या, पर तिला धका लावू नगा! तिनं काय केलंय?"

"म्हाताऱ्या, झाडाची लय काळजी तुला," फौजदार म्हणाले. "स्वतःची कर आता."

"माजं काय, आज हाय उद्या न्हाई. ती ऱ्हानार हाय हितं."

मी खाली बघितलं. खालच्या खोऱ्यात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं आणि धूर वर येत होता. पलीकडच्या डोंगराचा अर्धा कडा मुरुमासाठी पोखरलेला होता, दोन यंत्रं तेव्हाही चालू होती. तो मुरूम तोलायला माझा काटा आजवर कुणी नेलेला नाही.

दोन दिवस आधी अवकाळी पाऊस पडून गेला होता. मुळांना माती चिखलासारखी चिकटलेली. झाडं मुळासकट, मातीसकट तीन ज्यूटच्या पोत्यांत कोंबली आणि तिन्ही पोती एकावर एक काट्यावर ठेवली.

"सत्तावीस चारशे," मी ओरडलो, "बारदानासकट."

लिहिणाऱ्या पोलिसाने आकडा घेतला, ‘बारदानासकट’ हा शब्द सोडून दिला. मी म्हटलं, आता पोती रिकामी करून त्यांचं वजन घेऊ. बाजारात हेच करतो. माल ओला असेल, त्यात खडे-माती असेल, तर तेवढं वजन वजा धरायचं, त्याला आम्ही कडता म्हणतो. फौजदार म्हणाले, "बास झालं शेठ. काम झालं तुमचं. सही करा."

तेव्हा शेजारचा पंच, ग्रामपंचायतीतला कारकून, माझ्या कानाशी पुटपुटला, "वीस किलोच्या वर गेलं की कमर्शियल धरत्यात. जामीन मिळणं मुश्कील. दहा वर्षांच्या खाली सजा न्हाई. म्हातारा चालत आत जाईल आणि खांद्यावरनं बाहेर येईल."

मला हे माहीत नव्हतं. गुटख्याला असा वीस किलोचा उंबरा नव्हता. म्हणजे माझ्या काट्यावरचा आकडा कागदावरचा नव्हता, तो त्या दगडावर बसलेल्या माणसाची उरलेली वर्षं होता.

मी पोती उचलून उलटी केली. कुणाला विचारलं नाही. तिन्ही रिकामी पोती काट्यावर टाकली. "दोन किलो शंभर." मग एक झाड उचललं, मध्यम आकाराचं, सगळ्यांना दिसेल असं. "सहाशे ऐंशी ग्रॅम." माती झटकली. "चारशे साठ." एका पोलिसाच्या हातातला कोयता घेऊन मूळ तोडलं. "तीनशे सत्तर." मग फुलोऱ्याचे शेंडे, गांजा म्हणतात तो तेवढाच, खुडून काट्यावर ठेवले. "नव्वद."

"अवो, काय चाललंय हे?" फौजदार चिडले.

"वजन चाललंय सायब."

"बाजारात शेतकऱ्याचा कडता कापताना कुठं जाती ही सचोटी?"

पंच हसले. टोमणा बरोबर बसला होता, कारण बाजारात तसं करणारे आहेत, आणि ते कोण हे मलाही माहीत आहे.

"कापतो ना," मी म्हटलं, "पण शेतकरी समोर उभा असतो, आणि कापतो ते किलो असतात. इथं वर्षं हायत."

"गांजावाल्याची बाजू घेताय तुम्ही."

"बाजू काट्याला दोन होत्या तेव्हा घेता येत होती. आता एकच पाटा आहे."

फौजदारांनी फोटोग्राफरला कॅमेरा बंद करायला सांगितला. तो बिचारा म्हणाला, "सर, पहिल्यापासून चालू आहे. मधे बंद केला तर तुम्हीच ओरडता."

पंचनामा माझ्यापुढे आला. वजन २७.४०० किलो, किंमत ६,८५,०००. मी सही केली नाही. म्हटलं, मला दोन ओळी लिहायच्या आहेत. फौजदार म्हणाले, पंचनामा ही दुकानाची वही नव्हे. तेव्हा इतका वेळ सावलीला उभ्या असलेल्या तहसीलच्या मॅडम पहिल्यांदा बोलल्या. "लिहू द्या त्यांना. काटा त्यांचा आहे."

मी लिहिलं: वरील वजन तीन ज्यूट पोती, मुळे व ओली माती यांसह आहे. पोती २.१०० किलो. नमुन्याचे एक झाड ६८० ग्रॅम, माती काढून ४६०, मुळाविना ३७०, फक्त शेंडे ९०. खाली सही, वेळ, काट्याचा शिक्का क्रमांक. नव्वद गुणिले अडतीस मी लिहिलं नाही. ते कुणालाही करता येतं. साडेतीन किलोसुद्धा होत नाही.

म्हाताऱ्याला खाली नेलं. जाताना तो मागे वळून पाझराकडे बघत होता.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "सही करून मोकळं व्हायचं होतं."

"सही केलीच की."

"तुमची सही म्हणजे अर्धा निबंध. पोरीचं लग्न तोंडावर आलंय, आणि पोलिसांशी वाकडं घेऊन बसलाय."

तिचं चुकत नव्हतं. पुढच्या चार महिन्यांत माझ्या दुकानातल्या काट्यांची तीनदा तपासणी झाली. तिन्ही वेळा फरक शून्य. मी तपासनिसाला दर वेळी चहा पाजला आणि दर वेळी शेरा लिहून घेतला. ठाण्याच्या मेसला ज्वारी-तांदूळ माझ्याकडून जायचे, ते बंद झाले. बाजारात पोरं-टोरं नव्हे, चांगली बाप्ये माणसं विचारायला लागली.

"काय शेठ, माल हाय का?"

"ज्वारी हाय, बाजरी हाय."

"ती न्हवं वो, डोंगरावरची."

"डोंगरावरची साडेतीन किलोच होती. संपली."

हसायचे आणि दोन किलो मटकी घेऊन जायचे. मी मशिदीत असो की बाजार समितीत, खालच्या मानेने बसलो नाही. एका नातेवाइकाने समजावलं, आपल्या माणसांनी असल्या भानगडीत पुढे होऊ नये, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक म्हणतील की याचा काटा खरा आहे. दुकानदाराला याहून मोठी जाहिरात कोणती?

माझ्या त्या दोन ओळींवर बचावाच्या वकिलाने जामीन मागितला. माल वीस किलोच्या वर आहे असं पंचनाम्यावरूनच म्हणता येत नाही, एवढंच त्याने दाखवलं. एकाहत्तर दिवसांनी म्हातारा बाहेर आला.

खटल्यात साताऱ्याच्या कोर्टात मला बोलावलं ते सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून. सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवून विचारलं, "वजन सत्तावीस किलो चारशे ग्रॅम, बरोबर?"

"पोती, मुळं आणि माती धरून बरोबर."

"मी विचारलं तेवढंच सांगा."

"तेवढंच सांगितलं तर ते खोटं होईल."

त्यांनी मला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली. फितूर. गडकोटांच्या या जिल्ह्यात हा शब्द कुणाला लावतात ते लहान पोरालाही माहीत आहे. कानशिलं तापली माझी. मी न्यायाधीशांना म्हटलं, "साहेब, मी तिथं जे लिहिलं तेच इथं बोलतोय. फिरायचं असतं तर त्या दिवशी फिरलो असतो, तेव्हा सोपं होतं." न्यायाधीशांनी व्हिडिओ लावायला सांगितला. पडद्यावर मी कोयत्याने मूळ तोडताना दिसलो, शर्ट घामाने चिकटलेला. मागे म्हाताऱ्याचा आवाज ऐकू येत होता, कुणाला तरी करवंदी सांभाळायला सांगत होता. मी आकडे ओरडत होतो. चारशे साठ. तीनशे सत्तर. नव्वद. न्यायाधीशांनी तिन्ही आकडे लिहून घेतले.

म्हाताऱ्याला विचारलं, झाडं तुम्ही लावली?

"लावली साहेब. थोडी विकली बी. व्हती तेवढी म्हना, ना कमी ना जास्त."

त्याच्या वकिलाने कपाळावर हात मारला.

निकाल असा लागला: गांजाचं वजन सिद्ध झालं नाही, झाडांची लागवड सिद्ध झाली. शिक्षा, भोगलेले एकाहत्तर दिवस आणि दहा हजार रुपये दंड. लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देता येते, हे मला त्या दिवशी कळलं, म्हणजे माझ्या ओळींनी त्याला निर्दोष केलं नव्हतंच. मला तसं करायचंही नव्हतं.

कोर्टात दंड भरून घेणाऱ्या नाझराच्या खिडकीवर म्हाताऱ्याची मुलगी पैसे मोजत होती. दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती, ओळखपत्र गळ्यातच होतं. मी हजार रुपये पुढे केले. तिने हात मागे घेतला.

"नको काका. साक्षीदाराचे पैसे घेतले तर परत दुसरी केस उभी राहील."

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि पैसे खिशात ठेवले.

म्हातारा बाकावर बसला होता. मी शेजारी बसलो. म्हणाला, आता झाडं लावणार नाही, पोरगी मिरजेला नेणार आहे. पण उन्हाळ्यात एकदा डोंगरावर जाऊन पाझरातला गाळ काढायचा आहे, तो कुणी काढत नाही. मी विचारलं, वर चढवेल का? म्हणाला, दमानं.

साक्षीभत्ता आणि एसटीचं भाडं मिळून मला कोर्टाने तीनशे चाळीस रुपये दिले, सहीनिशी. दंडाचे दहा हजार सरकारजमा झाले. भरले मुलीने, पावती तिच्या नावावर.