तपासणीपुरता उपास

साठी कधीच उलटली होती, तरी निवृत्तीचं नाव काढलं की लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कंपनीचा नियम एकच: दरवर्षी डॉक्टरांनी तब्येत तपासून सही करायची, मगच हातात पाना. काकांना तर मधुमेह! पण काका वस्ताद. वर्षभर केकवर आडवा हात मारायचा आणि तपासणी आली की आठवडाभर पोटाला चिमटा. "साखर वर जाते तशी खाली आणता येते," असं वर एकटीच जेवणाऱ्या बायकोला ऐकवायचे.

त्या दिवशी सहीसाठी दवाखान्यात पोचतात तो काय, लिफ्ट मजल्याखाली अडकलेली आणि आत खुद्द डॉक्टरबाई! काकांना असा हुरूप चढला, की विचारू नका. किल्लीने दार उघडून ते फटीतून वाकले.

"घाबरू नका बाई, आत्ता वर मशीनच्या खोलीत जाऊन चाक फिरवतो, लिफ्ट मजल्याला लागेल."

"मी कुठे घाबरलेय? तुम्हाला एवढा घाम का फुटलाय? हातही थरथरतायत. काय खाल्लंत?"

"काल रात्रीपासून काही नाही. मधुमेहाची गोळी मात्र घेतली," काका ऐटीत म्हणाले आणि मटकन खाली बसले.

फटीतून बाईंचा हात बाहेर आला. हातात चहाच्या साखरेच्या पुड्या.

"साखर फार उतरलीय तुमची. खा!"

"साखर? अहो, रिपोर्ट बिघडेल! माझी नोकरी..."

"खा म्हणते ना! लिफ्ट गेली खड्ड्यात!"

"आत तुम्हीच आहात की," काका पुटपुटले, पण साखर तोंडात टाकली.

बरं वाटेपर्यंत बाईंनी त्यांना जागचं हलू दिलं नाही. स्वतः कोंडलेल्या, पण हुकूम चालूच!

"दरवर्षी असंच करता?"

"वर्षभर केक, तपासणीआधी आठवडाभर उपास," काकांनी कबूल केलं.

"साखर वाढलेली राहणं वाईटच. पण वर्षानुवर्षं ती अशी वरखाली होत राहिली, तर तोही उतारवयात हृदयाला धोका. लिफ्ट रोज धक्के देत चालवली तर दोर टिकेल?"

दोराच्या बाबतीत काकांनी कधी कुणाची हयगय खपवून घेतली नव्हती.

मग काकांनी वर जाऊन चाक फिरवलं आणि लिफ्ट मजल्याला लागली. बाहेर येताच बाईंनी आधी काकांची नाडी धरली. "आज रक्त घेत नाही. औषध बदलून देते. तीन महिने रोज वेळेवर, बेताचं जेवा, मग तपासू."

"आणि सही?"

"तेव्हाच. तोवर कामाला सुट्टी."

काकांना रडू यायचंच बाकी होतं. पण दोर आठवला आणि त्यांनी घरी फोन लावला. "ऐक, जेवायला येतोय."

"आज? तपासणीच्या दिवशी?"

"हो. साधंच कर. आणि तुझंही ताट घे, बरोबर बसू."

पलीकडे भांड्यांची धांदल उडाली. बायकोला एवढा आनंद झाला होता, की फोन ठेवायचंही सुचलं नाही.