दिवसा दिल्ली लागते काय

वहाबभाईचं पहिलं मत सांगतो, म्हणजे माणूस कसा होता ते समजन. "जे यंत्र तापत नाही, ते यंत्रच नाही." बस. चूल तापते, इंजिन तापते, वॉल्वचा रेडिओ तापते. ट्रान्झिस्टर तापत नाही, म्हणून ट्रान्झिस्टर हे लेकराचं खेळणं. यावर त्याच्याशी वाद घालाले कोणी गेलं की तो त्या माणसाचा हात धरून दुकानातल्या चालू रेडिओच्या पाठीवर ठेवे अन् विचारे, "लागलं काय गरम? याले म्हणते जीव."

दुसरं मत, लाकडी पेटीशिवाय आवाजाले वजन येत नाही. तिसरं, ज्या रेडिओवर मांजर झोपत नाही तो विकत घेऊ नये. हे तिसरं त्यानं एका गिऱ्हाइकाले खरंच सांगितलं होतं. त्याच्या दुकानातलं मांजर हिवाळाभर आठ वॉल्वच्या सेटवर पसरलेलं असे, अन् तो सेट कोणी दुरुस्तीले टाकला होता ते मांजरालेही माहीत नव्हतं अन् वहाबलेही.

मी निवृत्ती, शिंपी. जळगाव जामोदच्या बाजारात त्याच्या बरोब्बर समोर माझं दुकान. साल एकोणसत्तर असन. त्या साली म्या चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर घेतला, मशीनवर ठेवला, अन् त्या दिवसापासून बाजाराचे दोन भाग पडले. वॉल्ववाले अन् डब्बेवाले, ट्रान्झिस्टरले वहाब डब्बाच म्हणे. वॉल्ववाल्यांचे पुढारी उत्तमराव. शंभर एकराचे धनी, घरावर तांब्याच्या जाळीचा एरियल, त्या एरियलवर अख्ख्या गावाचे कावळे. आमच्या डब्बेवाल्यांत शालिग्राम मास्तर. मास्तरनं रेडिओवरची सगळी मासिकं वाचलेली, पण घरातला फ्यूज उडाला तर बायको वहाबले बोलवे.

आता भांडण म्हणजे तोंडानं नाही. तोंडानं भांडलं तर चहा पाजा लागते. आमचं भांडण फळीवर चाले.

वहाबचं दुकान लाकडी फळ्यांनी बंद होई, नऊ फळ्या, नंबर टाकलेल्या. शुक्रवारी दुपारी तो नमाजले गेला की फळ्या लागत, अन् तो वळणावरून दिसेनासा झाला की लोक खडू घेऊन येत. परत येईपर्यंत पुऱ्या नऊ फळ्या भरलेल्या. "वॉल्व म्हणजे बैलगाडी." त्याच्याखाली, "बैलगाडीनंच तुह्या बापाची वरात गेली." त्याच्याखाली, "बापावर जाऊ नका, मुद्द्यावर बोला." हे शेवटचं नेहमी मास्तरचं. नाव कोणी लिहीत नसे, पण शाळेच्या खडूचं मास्तरचं, कोळशाचं उत्तमरावच्या गड्याचं, अन् शिंप्याच्या चपट्या खडूच्या रुंद रेघा म्हणजे मी, हे लेकरालेही कळे. मी लय खराब लिहीत होतो. आज लाज वाटते, पण तवा मजा ये.

वहाब यायचा, कमरेवर हात ठेवून एक ते नऊ सगळं वाचायचा, शुद्धलेखनाच्या चुका मोठ्यानं सांगायचा, मंग ओल्या फडक्यानं पुसून फळ्या काढायचा. एका शुक्रवारी त्याचं डोकं फिरलं. म्या लिहिलं होतं, "डब्बे वाढून राह्यले, वहाब उपाशी मरून राह्यला." त्यानं पाच नंबरच्या फळीवर ऑइल पेंटनं लिहिलं, "इथं ट्रान्झिस्टरले हात लावल्या जात नाही." खडू पुसल्या जाते, पेंट नाही. पुढच्या वर्षात सातजण डब्बे घेऊन आले अन् सातही त्यानं बुलढाण्याच्या बसचा रस्ता दाखवून वाटे लावले. त्याची बायको, बानोभाभी, आतून ओरडे, "पेंट खाओ अब, रोटी को क्या है!" पण माणूस हटला नाही.

आता भाभीचं सांगतो. तिची सख्खी बहीण नूरजहां. लग्न होऊन कराचीले गेली. पासष्टच्या लढाईपर्यंत पत्रं येत. मंग बंद. भाभीनं सहा पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. बहीण जित्ती आहे का नाही, हेच माहीत नाही. पण नूरजहांले लहानपणापासून रेडिओचा नाद, अन् दिल्लीहून दुपारी उर्दू फर्माइशी लागत, त्यात कराचीची नावं वाचत. भाभीचा हिशेब सरळ होता. नूरजहां असन, तर एक ना एक दिवस कार्ड टाकीन.

तिच्यासाठी वहाबनं स्वतः सेट बांधला. सहा वॉल्व, सागवानी पेटी, छतावर एरियल, अन् अर्थिंगची तार अंगणात पुरलेली. त्या जागेवर भाभी रोज तांब्याभर पाणी टाके, तुळशीले टाकते तसं. दुपारी दोन वाजता ती कामं सोडून सेटसमोर बसे. तीन वर्षं. गावातली लाइट गेली की सेट मुका. त्या दिवशी ती कोणाशी बोलत नसे, अन् वहाब लाइनमनच्या सात पिढ्या उद्धरे.

अन् इथं म्या शेण खाल्लं. वहाब कायम म्हणे, "एरियलशिवाय दिवसा दिल्ली डब्ब्यात लागूच शकत नाही. कोणी सांगतलं तर समजा खोटारडा आहे." मले झोंबलं. एका शुक्रवारी म्या फळीवर ठोकून दिलं, "काल दुपारी डब्ब्यात दिल्ली लागली. पूर्ण फर्माइश ऐकली." आदल्या दिवशी लाइट नव्हती. तासाभरात कोणाच्या तरी तोंडून ऐकून भाभी स्वतः रस्ता ओलांडून माझ्या दुकानात. डोक्यावरचा पदरही सरकलेला. "भाईजान, कराचीचं कोणाचं नाव आलं?"

म्या काय सांगू? म्हटलं, भाभी, मस्करी होती. तिनं मशीनवरच्या डब्ब्याकडं पाह्यलं अन् गेली. वहाब समोरून पाहून राह्यला होता. त्यानं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी एका बुधवारी मी आसलगावले लग्नघरची मापं घ्याले गेलो. सायकलच्या दांडीले डब्बा लटकवलेला. दुपारी उत्तमरावच्या मळ्यातल्या निंबाखाली भाकर सोडली अन् नुसताच काटा फिरवून राह्यलो होतो. खरखर, खरखर, अन् मधीच बाई बोलली, अगदी साफ. "कराची से नूरजहां ने फर्माइश की है, अपनी बहन बानो के लिए, जो जलगांव जामोद, बरार में रहती हैं." मंग गाणं. गाणं कोणतं होतं ते मले आजही आठवत नाही. माझ्या हातातली भाकर हातातच राह्यली.

सायकल अशी मारली की चेन दोनदा पडली. गावात येतो तं लाइट नाही, सकाळपासूनच नव्हती. भाभी ओट्यावर तोंड पाडून बसलेली. मी तिच्यापर्यंत गेलो अन् पाय थांबले. कोणत्या तोंडानं सांगू? तिनं वर पाह्यलं, मले पाह्यलं, सायकलच्या दांडीवरचा डब्बा पाह्यला, अन् उठून आत गेली.

निंबाखाली माझ्याशिवाय कोणी नव्हतं. साक्षीदार म्हणाल तं एक बैल. रातभर डोळ्याले डोळा नाही. गुरुवारी मास्तरले सांगितलं. आमच्याच पार्टीचा माणूस, तो हसला! म्हणे, "निवृत्ती, किती खोटं बोलशीन बे? दिवसा दिल्ली लागत नाही, हे तं आपल्यातबी खासगीत सगळे मानते."

शुक्रवार आला. वहाब नमाजले गेला. म्या कोणालेच जवळ येऊ दिलं नाही, मास्तरले ढकलून देल्लं. ओल्या फडक्यानं नऊच्या नऊ फळ्या पुसल्या अन् मधोमध, पेंटच्या खाली, लिहिलं, "बुधवारी दुपारी दिल्लीवरून कराचीच्या नूरजहांची फर्माइश आली. जळगाव जामोदच्या बानोसाठी. म्या ऐकली. निवृत्ती." त्या फळ्यांवर सही केलेलं ते पहिलं वाक्य.

वहाब आला. वाचलं. माणसं जमली होतीच. तो वळला अन् माझी गचांडी धरली. "माझ्यावर लिही बे, हरामखोर! माझ्या बापावर लिही! तिच्या बहिणीवर लिहितं?" शर्टाची बटनं तुटली, माझ्याच हातानं लावलेली. एवढ्यात घराचं दार उघडलं. गलक्यात भाभीनं सगळं ऐकलं होतं.

भाभी बाहेर आली. मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मास्तरले म्हणाली, "वाचा." मास्तरनं वाचलं. तिनं माझ्याकडं पाह्यलंच नाही, अन् काऊन पाहीन? तिनं वहाबकडं पाह्यलं. रेडिओच्या बाबतीत त्या घरात एकच शब्द चाले.

"सच बोलो जी. दिन में लगता क्या, डब्बे पे दिल्ली?"

उत्तमराव फेटा सावरत उभे, मास्तर खडू चोळत उभा. वहाबनं माझ्या डोळ्यांत पाह्यलं. मंग गचांडी सोडली.

"लगता," तो म्हणाला.

"पर तुम तो..."

"लगता बोला ना! मैंने खुद लगाके देखा." अन् लोकांकडं वळून ओरडला, "काय पाहून राह्यले बे? लागते! दिवसा लागते, बिना एरियलची लागते! म्या लपून लावून पाह्यली आहे!"

उत्तमरावचं तोंड उघडंच राह्यलं. भाभी तिथंच ओट्यावर बसली, पदरात तोंड घातलं अन् मोठ्यानं रडली, मंग रडता रडता हसली, अन् आत जाऊन शेजारणीले हाका माराले लागली. "अगे मंजुळाबाई, मेरी नूर है! नूर है अपनी!"

लोक पांगले. वहाब फळ्या काढून आपल्या खुर्चीवर बसला. मले बोटानं बोलावलं. आवाज एकदम खाली.

"निवृत्ती, आता खरं सांग. खोटं असन तरी तिले मी सांगणार नाही. पण मले सांग."

"खरं आहे वहाबभाई. लेकराची शपथ."

"म्या जिंदगीत डब्ब्याले हात नाही लावला बे," तो म्हणाला. "दिवसा लागते का नाही, मले काय माहीत?" त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं अन् त्यानं ते पुसलंही नाही. "लागली ना पण?"

"लागली."

"दे मंग इकडं."

म्या समोरच्या माझ्या दुकानातून डब्बा आणून त्याच्या हातात देल्ला. त्यानं बटन फिरवलं अन् सवयीनं वॉल्व तापायची वाट पाहाले लागला. डब्बा लगेच बोलला. वहाब दचकला. मंग त्यानं डब्ब्याच्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला.

"गरम तं नाही झाला बे," तो म्हणाला, अन् डब्बा घेऊन आत भाभीकडं गेला.